रक्त चढवल्यावर डीएनए टेस्ट चुकते का? आईची जीन टेस्ट करायचीय

अबोली_

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आईचं अंडाशयाच्या गाठीचं मोठं ऑपरेशन झालं, त्यात रक्तस्राव बराच झाला म्हणून रक्ताच्या चार पिशव्या चढवल्या आणि वर प्लाझ्माच्या दोन. आता बायॉप्सी रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणतायत बीआरसीए जीनची टेस्ट करून घ्या, त्यावरून आईच्या पुढच्या औषधांचं ठरेल आणि मला नि माझ्या बहिणीलाही कळेल आपल्याला कॅन्सरचा कितपत धोका आहे ते. टेस्ट रक्तावर होणार आहे. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

पण परवा मामा आला आणि म्हणाला, अगं तिच्या अंगात आता सहा जणांचं रक्त फिरतंय, रिपोर्ट नक्की कुणाचा येणार? सगळे हसले पण माझ्या डोक्यातून ते जाईना. रक्तातून डीएनए काढतात आणि रक्त तर दुसऱ्यांचं, मग त्यांचा डीएनए आईच्या रक्तात मिसळला असणारच ना? आणि समजा त्या सहांपैकी एखाद्या बाईलाच हा म्युटेशन, म्हणजे जीनमधला दोष, असला तर आईचा रिपोर्ट उगाच पॉझिटिव्ह येईल का? किंवा उलटं, आईचा असलेला दोष झाकला जाईल का? डॉक्टरांना विचारलं तर "काही होत नाही, द्या सँपल" एवढंच म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. काही होत नाही तर का होत नाही हे कुणी नीट सांगेल का? लाळेवर टेस्ट केलेली बरी का? आणि हा बदल कायमचा असतो का?

तिरकस_तात्या

मामांना सांगा, सहा जणांचं रक्त घेऊन माणूस बदलत असता तर आमच्या हिला मी कधीच एखाद्या शांत माणसाच्या दोन पिशव्या चढवल्या असत्या. (ही इथे येत नाही वाचायला, म्हणून लिहितोय.)

गंमत सोडा, इथे लॅबवाली मंडळी आहेत, येतीलच कुणीतरी.

पिपेट

आलो. मॉलिक्युलर लॅबमध्ये काम करतो, रक्तातून डीएनए काढणं हे रोजचंच. अबोलीताई, तुमच्या डॉक्टरांचं उत्तर बरोबर आहे, फक्त त्यांनी कारण दिलं नाही, ते मी देतो.

पहिली गोष्ट म्हणजे आईला "रक्त" चढवलं असं आपण म्हणतो पण हल्ली जवळजवळ नेहमी पॅक्ड सेल चढवतात, म्हणजे प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) बाजूला काढून उरलेल्या तांबड्या पेशी. आणि माणसाच्या तांबड्या पेशीत न्यूक्लियस, म्हणजे पेशीचा डीएनए जिथे असतो तो गाभा, नसतो. ती बोन मॅरोत (हाडांतल्या मगजात) तयार होताना रक्तात उतरायच्या आधीच आपला न्यूक्लियस बाहेर टाकून देते, मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा देणारे भाग, त्यांतही थोडा डीएनए असतो) तेसुद्धा ठेवत नाही, सगळी जागा हिमोग्लोबिनला. त्यामुळे जिच्यासाठी ती पिशवी लावतात त्या पेशीत डीएनए नाहीच. (कोंबडीचं तसं नाही, पक्ष्यांच्या, बेडकांच्या तांबड्या पेशीत न्यूक्लियस शाबूत असतो, थेंबभर रक्तातून भरपूर डीएनए निघतो. माणसाच्या रक्तात तसं असतं तर मामांचा मुद्दा खराच भारी पडला असता.)

मग आपण रक्तातून डीएनए काढतो तो कुठून? पांढऱ्या पेशींतून. त्या फार थोड्या असतात, एका पांढऱ्या पेशीमागे तांबड्या साधारण सहाशे-सातशे. आता पिशवीत दात्याच्या पांढऱ्या पेशी थोड्या येतातच, तर हिशोब करून बघू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त, मायक्रोलिटरला ७,००० पांढऱ्या पेशी धरा (नॉर्मल ४,००० ते ११,०००), म्हणजे कुठल्याही क्षणी रक्तात फिरणाऱ्या झाल्या साधारण ३,५०० कोटी. फिल्टर न लावलेल्या पिशवीत दात्याच्या शंभर-दोनशे कोटी असू शकतात. फिल्टर लावून पांढऱ्या पेशी काढलेलं रक्त असेल, ज्याला ल्युकोरिड्यूस्ड म्हणतात, तर अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे पिशवीत ५० लाखांपेक्षा कमी आणि युरोपात १० लाखांपेक्षा कमी लागतात. ५० लाख धरल्या तरी आईच्या ७,००० पेशींमागे दात्याची एक, म्हणजे दर्यामें खसखस.

बरं, फिल्टर न लावलेल्या पिशवीतल्या तरी टिकतात का? रक्त फ्रीजमध्ये २ ते ६ अंशांवर ठेवतात, तिथे न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींतला सगळ्यात मोठा गट) दिवस-दोन दिवसांत निकामी व्हायला लागतात. अंगात गेल्यावर उरलेल्यांना आईची इम्युनिटी शोधून संपवते. आणि दुसरीकडे आईचा मॅरो रोज काही हजार कोटी नव्या पांढऱ्या पेशी तयार करत असतो, त्या शंभर टक्के तिच्या. म्हणून रक्त घेतल्याने डीएनए "बदलत" नाही, थोडे दिवस परक्या पेशींची भेसळ होते आणि ती वाहून जाते.

प्लाझ्माचं म्हणाल तर तो गोठवलेला असतो, त्यात जिवंत पेशी जवळपास नसतात, थोडा सुटा डीएनए असतो, पण सुट्या डीएनएचा निम्मा भाग साधारण दोन तासांच्या आतच नाहीसा होतो.

आता तुमचा खरा प्रश्न, दात्याचा म्युटेशन आईच्या नावावर लागेल का. जन्मजात बदल असला की जीनच्या दोन कॉपींपैकी एक बिघडलेली असते, म्हणून मशीनने ती जागा समजा २०० वेळा वाचली तर साधारण १०० वेळा बिघडलेलं अक्षर दिसतं, ५० टक्क्यांच्या आसपास. दात्याच्या पेशी रक्तात अगदी ४ टक्के असल्या आणि त्याला तो म्युटेशन असला तरी तो दिसेल २ टक्के, आणि जन्मजात बदल शोधणाऱ्या टेस्टमध्ये एवढं कमी आलेलं कोणी रिपोर्टमध्ये घेत नाही. उलटंही तसंच, आईचा ५० टक्के असेल तर तो ४८ होईल, झाकला जाणार नाही. झाकायचा तर आईच्या बहुतेक पांढऱ्या पेशी दात्याच्या व्हायला लागतील, तसं रक्त चढवून होत नाही, मॅरो ट्रान्सप्लांटने होतं.

अबोली_

बाप रे, एवढं नीट कोणीच सांगितलं नव्हतं, खूप आभार! ते ४ टक्के असलं तर २ दिसेल हे दोनदा वाचल्यावर कळलं पण कळलं. म्हणजे थांबायची गरजच नाही का? ऑपरेशन होऊन महिना होत आलाय.

रेवाची_आई

पिपेटदादांचं बरोबर आहे पण मी थोडं दुसऱ्या बाजूने लिहिते. माझ्या मुलीला थॅलेसेमिया मेजर (हिमोग्लोबिनचा जन्मजात आजार) आहे, तिला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्यामुळे हा विषय आमच्या घरात रोजचा.

लोकांना वाटतं रक्त चढवलं की डीएनएची टेस्ट बिघडणार. आमचा अनुभव असा की डीएनएची सोडून बाकीच्याच टेस्टा बिघडतात. चढवलेल्या तांबड्या पेशी अंगात तीन-साडेतीन महिने राहतात, त्यामुळे हिमोग्लोबिनचे प्रकार तपासणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी टेस्ट करायला गेलात तर मशीन निम्मं दात्याचं हिमोग्लोबिन मोजतं, म्हणूनच पहिलं रक्त चढवायच्या आधीच ते सँपल काढून ठेवा असं सांगतात, आणि ते राहून गेलं की मग आईवडलांच्या टेस्टा आणि जीन टेस्ट यांवरून निदान करावं लागतं. डायबेटिसची एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) पण रक्त चढवल्यावर भरवशाची नाही, शुगर दात्याच्या पेशींवर किती चिकटली होती ते त्यात येतं ना.

ब्लड ग्रुपचं तर विचारूच नका. एबीओ आणि आरएच सोडून केल, डफी, किड असे कितीतरी उपगट असतात, सारखं रक्त घेणाऱ्या मुलांमध्ये त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होऊ शकतात, म्हणून ते जुळवून रक्त द्यायचं असतं. पण मुलीचे स्वतःचे उपगट बघायचे कसे, तिच्या ट्यूबमध्ये तर चार दात्यांच्या तांबड्या पेशी, थेंबात अँटिसेरा (ग्रुप ओळखणारं द्रावण) घातला की काही पेशी गोळा होतात काही तशाच राहतात, लॅबवाले त्याला मिक्स्ड फील्ड म्हणतात. शेवटी तिचे ग्रुप डीएनएवरून काढले. म्हणजे रक्त घेऊन घेऊन जे तपासता येईना ते डीएनएनेच सुटलं, ते पण त्याच रक्ताच्या सँपलमधून.

तुझ्या आईसाठी एवढंच, एचबीएवनसी वगैरे आत्ता केलं असेल तर त्यावर जाऊ नका, जीन टेस्ट बिनधास्त करा.

शंकासूर

मला एक कळत नाही, असं असेल तर खुनाच्या तपासात आरोपीने आदल्या दिवशी रक्त चढवून घेतलं तर काय? किंवा जागेवर सांडलेलं रक्तच मुळात रक्त चढवलेल्या माणसाचं असेल तर? दोन माणसांचा डीएनए दिसेल ना, मग वकील म्हणणार की दुसरा कोणीतरी होता.

पिपेट

@शंकासूर, फोरेन्सिकमध्ये एसटीआर बघतात. डीएनएच्या काही ठरावीक जागांवर एकच तुकडा पुन्हापुन्हा येतो, तो किती वेळा येतो ते मोजतात. प्रत्येक जागेवर एका माणसाची जास्तीत जास्त दोन शिखरं दिसतात, एक आईकडून एक बापाकडून. तिसरं शिखर दिसलं की मिश्रणाची शंका. पण मिश्रणातला छोटा वाटा साधारण ५ टक्क्यांच्या खाली गेला की त्याची शिखरं मशीनच्या खरखरीत हरवतात. त्यामुळे पाच-दहा पिशव्या घेतलेल्या माणसाचाही प्रोफाइल बहुतेक वेळा त्याचा एकट्याचाच येतो. आणि समजा आलंच तिसरं शिखर तरी मुख्य प्रोफाइल आरोपीचाच असतो, तो कुठे पळणार. वर गालाचा स्वॅब (आतून कापसाने पुसून घेतलेला नमुना) आणि मुळासकट उपटलेला केस आहेच.

जुनाट_वाचक

शंकासूरांच्या प्रश्नावर एक खरी केस आठवली. कॅनडात सस्कॅचवान प्रांतात जॉन श्नीबर्गर नावाचा डॉक्टर होता. १९९२ मध्ये एका पेशंट बाईने त्याच्यावर बेशुद्ध करून बलात्कार केल्याचा आरोप केला. रक्त घेतलं, डीएनए जुळला नाही. पुन्हा घेतलं, तरी नाही. बाई हटेना. नंतर उघड झालं की या पठ्ठ्याने स्वतःच्या दंडात कातडीखाली रबराची नळी बसवून घेतली होती, त्यात दुसऱ्या माणसाचं रक्त, गोठू नये म्हणून औषध घालून. रक्त घ्यायला आले की नळीच्या जागी सुई टोचू द्यायची. १९९६ ला घेतलेलं सँपल खराब निघालं. शेवटी बोटातून रक्त, तोंडातला स्वॅब आणि केस घेतले तेव्हा जुळलं आणि १९९९ मध्ये शिक्षा झाली.

यात मजा बघा, तो डॉक्टर होता, नुसतं रक्त चढवून घेऊन भागत नाही हे त्याला माहीत असणार म्हणूनच नळीचा उपद्व्याप केला.

मॅरो ट्रान्सप्लांटचं मात्र वेगळं. अलास्कात एका बलात्काराच्या केसमध्ये वीर्याचा प्रोफाइल डेटाबेसमधल्या एका माणसाशी जुळला, पण गुन्हा झाला तेव्हा तो तुरुंगात होता. मग कळलं की त्याला पूर्वी भावाचा मॅरो दिला होता आणि डेटाबेसमधला नमुना त्याच्या रक्ताचा होता, म्हणजे रक्तात भावाचा डीएनए. खरा गुन्हेगार भाऊ.

पिपेट

हो, आणि २०१९ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडामधल्या शेरिफ खात्यातल्या एका कर्मचाऱ्याची बातमी आली होती, त्याला जर्मनीतल्या दात्याचा मॅरो मिळाला होता. सहकाऱ्यांनी ट्रान्सप्लांटच्या आधीपासून सँपल घेऊन ठेवली होती. चार वर्षांनी बघितलं तर रक्तात दात्याचा डीएनए, गालाच्या स्वॅबमध्ये दोघांचा, आणि डोक्याच्या नि छातीच्या केसात मात्र त्याचा स्वतःचा.

यातून अबोलीताईंच्या लाळेच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. लोकांना वाटतं लाळ म्हणजे रक्ताशी संबंध नाही, पण लाळेत पांढऱ्या पेशी भरपूर असतात, म्हणूनच त्या माणसाच्या स्वॅबमध्ये दाता दिसला. घरी लाळेचं किट पाठवणाऱ्या कंपन्याही मॅरो ट्रान्सप्लांट झालेल्यांना टेस्ट करू नका सांगतात. तुमच्या आईला नुसतं रक्त दिलंय, त्यामुळे लाळ द्या की रक्त, फरक पडणार नाही, रक्ताचा डीएनए जास्त आणि स्वच्छ मिळतो म्हणून मी रक्तच म्हणेन.

मृण्मयी_के

मला पिपेट यांचं थोडं जास्तच निर्धास्त वाटतंय. मी जेनेटिक काउन्सेलिंगमध्ये आहे. आमच्याकडे फॉर्मवर रक्त चढवल्याची तारीख विचारतातच आणि शक्य असेल तर दोनेक आठवडे थांबा सांगतो, विशेषतः फिल्टर न लावलेलं रक्त असेल तर. कारण पहिल्या काही दिवसांत दात्याच्या पेशी नुसत्या कमी होत जात नाहीत. १९९० च्या दशकात बायकांना पुरुषांचं रक्त दिल्यावर त्यांच्या रक्तात वाय क्रोमोसोम (जो फक्त पुरुषांत असतो) शोधून पाहिलं होतं, तर ठरवून केलेल्या हाडांच्या ऑपरेशनच्या पेशंटमध्ये तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दात्याच्या लिंफोसाइट (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) उलट काही पट वाढलेल्या दिसल्या आणि साधारण दोन आठवड्यांत गेल्या.

आणि "वाहून जातात" हे सगळ्यांना लागू नाही. मोठ्या अपघातात खूप रक्त लागलेल्या पेशंटपैकी काहींमध्ये दात्याच्या पेशी वर्षभर, क्वचित त्याहून जास्त टिकलेल्या सापडल्या, काहींच्यात तर पांढऱ्या पेशींच्या काही टक्के. फिल्टर लावून हा प्रकार पूर्ण थांबला नाही. याला मायक्रोकायमेरिझम म्हणतात. जबर जखमेनंतर इम्युनिटी काही काळ ढेपाळते, त्यात दात्याच्या पेशी रुजत असाव्यात.

काही टेस्टांना ही भेसळ खरंच अडते. गरोदर बाईच्या रक्तातून बाळाची एनआयपीटी करतात ती सुट्या डीएनएच्या तुकड्यांवर असते, तिथे फॉर्मवर रक्त, मॅरो, किडनी सगळं विचारतात, दाता पुरुष असेल आणि पोटात मुलगी असेल तर वाय कुठून आला हा घोळ. कॅन्सरसाठी लिक्विड बायॉप्सी (रक्तात सुटलेला गाठीचा डीएनए शोधणारी टेस्ट) एक टक्क्याच्या खालचं शोधते, तिथे २ टक्के दात्याचे दिसणं म्हणजे केवढं. बीआरसीएची जन्मजात टेस्ट यातली नाही हे मान्य.

पिपेट

@मृण्मयी, दोन आठवडे थांबायला माझी ना नाही, ताईंचा तर महिना झालाय. माझा मुद्दा एवढाच की कॅन्सरचं औषध अडलं असेल तर "रक्त चढवलंय" म्हणून कोणी तीन-तीन महिने थांबू नये, ते तीन महिने तांबड्या पेशींचे आहेत, डीएनए टेस्टचा त्यांच्याशी काय संबंध. असं सांगून पेशंटला परत पाठवलेलं मी बघितलंय आणि डोकं फिरतं.

मृण्मयी_के

हो, त्यावर शंभर टक्के सहमत.

शंकासूर

मग नातेवाइकांचंच रक्त घेतलेलं बरं ना? डीएनए जवळचा, भेसळ झाली तरी घरातलीच.

रेवाची_आई

नाही हो शंकासूर, हे सगळ्यात आधी डोक्यातून काढा! आम्हाला पहिल्याच महिन्यात ब्लड बँकेच्या डॉक्टरांनी बसवून समजावलं होतं. जवळच्या नातेवाइकाच्या पांढऱ्या पेशी पेशंटशी इतक्या जुळतात की पेशंटच्या शरीराला त्या परक्या वाटतच नाहीत, ते त्यांना मारत नाही. पण त्या पेशींना पेशंटचं शरीर परकं वाटू शकतं आणि त्या हल्ला करतात, कातडी, लिव्हर, आतडी आणि मॅरोसुद्धा. फार दुर्मिळ आहे पण झालं तर दहातले नऊ वाचत नाहीत. म्हणून नात्यातलं रक्त द्यायचंच असेल तर पिशवीवर किमान २५ ग्रे रेडिएशन मारून देतात, पांढऱ्या पेशींची वाढ थांबते, तांबड्यांचं काम चालू राहतं. नुसता फिल्टर यासाठी पुरेसा धरत नाहीत. रक्तदान नातेवाइकांनी जरूर करावं, पण ते जाऊ दे दुसऱ्या कुणाला.

तिरकस_तात्या

म्हणजे नातेवाईक आतून पण त्रास देतात. नोंद घेतली.

अबोली_

तात्या 😄

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ता डिस्चार्ज पेपर काढून बघितले, पिशव्यांच्या नोंदीत "ल्युकोडिप्लीटेड" असं लिहिलंय, हे फिल्टरवालंच ना? आणि फॉर्मवर रक्त चढवल्याची तारीख विचारलीये ती ऑपरेशनची लिहू का नंतर वॉर्डमध्ये चौथी पिशवी दिली त्या दिवसाची? शिवाय मामाला सांगितलं तर तो म्हणतो मग परक्याचं आईच्या अंगात काहीच राहत नाही का कधी.

मृण्मयी_के

हो, फिल्टरवालंच. तारीख नेहमी शेवटच्या पिशवीची लिहायची, आणि एकूण किती पिशव्या नि प्लाझ्मा तेही लिहा. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तुमची आणि बहिणीची टेस्ट फक्त त्या एका जागेपुरती करायची असते, ती बरीच सोपी. निगेटिव्ह आला तर डॉक्टरांना गाठीच्या ब्लॉकवर (लॅबमध्ये जपून ठेवलेल्या तुकड्यावर) टेस्ट करायची का ते विचारा, काही बदल फक्त गाठीत असतात, रक्तात दिसत नाहीत.

मामांना सांगा, राहतं ना. पोटात असताना मुलांच्या पेशी आईच्या रक्तात जातात आणि त्यातल्या काही टिकतात, १९९६ च्या एका अभ्यासात मुलगा झाल्यावर २७ वर्षांनीसुद्धा एका बाईच्या रक्तात वाय क्रोमोसोमवाल्या पेशी सापडल्या होत्या. त्यामुळे तुमच्या आईच्या रक्तात सहा दात्यांपेक्षा तुम्ही दोघी सापडण्याची शक्यता जास्त आहे. रिपोर्टवर त्याचाही काही परिणाम होत नाही.